दादा थांब्यावर होता तेव्हा

नागपुरात माणूस गेला की घरातलं कुणीतरी जाणतं हळूच विचारतं, "कोण यायचं राहिलं?" उन्हाळ्यात या प्रश्नाचं उत्तर फार सोपं असे. सत्तेचाळीस डिग्रीत कुणासाठी थांबणार? बर्फाच्या लाद्या आणल्या तरी दुपारपर्यंत त्यांचं पाणी होऊन अंगणात वाहायचं. जो पोचला तो पोचला. हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे आपलं माणूस नुसतं आजारी आहे असं कळलं तरी लोक अंगावरच्या कपड्यांनिशी निघायचे.

हे सगळं माझ्या वहिनींनी बदललं. मुद्दाम नाही बदललं, पण बदललं.

वहिनी म्हणजे डॉ. वैजयंती गोतमारे, चुंबकीय पदार्थांवर प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञ. लग्न होऊन त्या आमच्या घरात आल्या तेव्हा आईने शेजारणींना सांगितलं होतं की सूनबाई लोहचुंबकाच्या कारखान्यात आहे. वहिनींनी ते कधी दुरुस्त केलं नाही. माझा थोरला भाऊ दिवाकर एसटीत वाहतूक नियंत्रक होता. भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि घरातही तो त्याच आवाजात बोलायचा. मी प्रभाकर, धाकटा, शाळेत विज्ञान शिकवायचो. घरात वहिनींचं काम थोडंफार कळणारा मी एकटाच, असा माझा समज होता. दादाला ते माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, हे मला फार पुढे कळलं.

काम काय होतं ते सांगतो, घाबरू नका. धातूंच्या काही मिश्रणांची एक गंमत असते. त्यांना जोरदार चुंबकाजवळ नेलं की ती गरम होतात आणि दूर नेलं की गार. वर्गात मी हे कवायतीने समजवायचो. पदार्थातला एकेक अणू म्हणजे मैदानावरचा एकेक पोरगा. चुंबक जवळ आला की 'सावधान', सगळे एका दिशेला तोंड करून ताठ. इतका वेळ चाललेला धुडगूस उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो. ती उष्णता पाण्याने वाहून न्यायची. मग चुंबक दूर करायचा, म्हणजे 'विश्राम'. पोरं पुन्हा धुडगूस घालायला लागतात, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा आता आजूबाजूची उष्णता शोषूनच मिळते, त्यामुळे आजूबाजूला गारवा होतो. हे चक्र फिरवत राहिलं की झालं शीतकपाट. त्यात गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही, घरघर नाही.

पण पोरं ऐकत नाहीत, ही खरी अडचण. 'विश्राम' म्हटल्यावरही काही जण ताठच राहतात आणि उशिरा सैल होतात. पदार्थ ज्या वाटेने गेला त्या वाटेने परत येत नाही, रेंगाळत येतो. पाठ्यपुस्तकात याला शैथिल्य म्हणतात. या रेंगाळण्यात सगळा फायदा वाया जातो. शिवाय दर खेपेला पदार्थ थोडा फुगतो, थोडा आक्रसतो आणि शेवटी तडे जाऊन त्याचा भुगा होतो. वहिनींची सगळी उमेदीची वर्षं या दोन गोष्टींत गेली. मँगनीज, लोखंड, फॉस्फरस आणि सिलिकॉन एकत्र करायचं, भट्टीत दिवसचे दिवस तापवायचं, पाण्यात विझवायचं, मोजायचं आणि भुगा झाला की पुन्हा पहिल्यापासून. त्यात बोरॉन चिमूटभर लागतो, पण ती चिमूट केवढी यावर त्यांनी अर्धी नोकरी घालवली. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आमची बायको मीठ किती घालायचं हेच वीस वर्षं ठरवून राहिली."

शेवटी मीठ बरोबर पडलं. पदार्थ गेला तसा परत यायला लागला, न रेंगाळता, न तडकता, कोट्यवधी वेळा. छपरावर हातभर सोलरची पट्टी आणि आत संथ फिरणारं एक चाक, एवढ्यावर पेटी चालायची. पहिल्या पेट्या मेळघाटातल्या आरोग्य केंद्रांत लसींसाठी गेल्या. पेटीचं नाव 'थांबा' असं दादाने ठेवलं. नासणं इथे थांबतं म्हणून, असं तो म्हणायचा. खरं म्हणजे निवृत्त झाला तरी एसटी त्याच्या डोक्यातून जात नव्हती. मेळघाटातल्या एका नर्सबाईंनी फोन करून सांगितलं की यंदा एकही लस फेकावी लागली नाही, तेव्हा वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या आणि दादाने सगळ्या गल्लीला जिलेबी वाटली.

माणूस ठेवायची कल्पना मुळात कुणाची, हे आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही. एका उन्हाळ्यात शवागारं भरली तेव्हा कुठेतरी दुधासाठी घेतलेले थांबेच वापरले म्हणतात. एका कंपनीने ते पाहिलं, परवाना घेतला आणि साडेसहा फुटी थांबा काढला. वहिनींना त्यांनी एकच प्रश्न विचारला, किती दिवस चालेल? वहिनींनी उत्तर लिहिलं, 'मर्यादा आढळली नाही.' प्रयोग करणारी माणसं असंच बोलतात. आम्ही जेवढं पाहिलं तेवढ्यात आढळली नाही, पुढचं माहीत नाही, असा त्याचा अर्थ. विद्यार्थ्याने नुसतं 'नाही' लिहिलं तर वहिनी तांबड्या पेनाने वर 'आढळली' घालून कागद परत पाठवायच्या. कंपनीने जाहिरातीत नेमका तोच शब्द गाळला. चौकाचौकांत फलक लागले, 'थांबा. मर्यादा नाही.' वहिनी भांडायला गेल्या तर तिथला माणूस म्हणाला, मॅडम, फलकावर जागा कमी असते.

सुरुवातीला लोकांना फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. परदेशातल्या मुलाला बापाचं तोंड पाहायला मिळालं, ही काही लहान गोष्ट नाही. लोक दोन दिवस थांबायचे, चार दिवस थांबायचे. मग रजा मिळेपर्यंत थांबायला लागले, मग विमानाचं तिकीट उतरेपर्यंत. सुतक माणूस गेला त्या दिवसापासून धरायचं की अग्नी दिल्यापासून, यावर गुरुजींमध्ये दोन तट पडले. 'बाबांना थांब्यावर ठेवलंय' हे वाक्य लोक सहज बोलू लागले. आमच्या गल्लीतले खानझोडे आजोबा दिवाळीपासून होळीपर्यंत मागच्या खोलीत होते, आणि पेटी वरून सपाट म्हणून त्यांच्या सुनेने तिच्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या. ती बाई काही दुष्ट नव्हती. घर लहान होतं.

सगळ्यात वाईट बदल मात्र मेलेल्यांच्या नाही, जिवंतांच्या बाबतीत झाला, आणि तो आधी दादाच्या लक्षात आला. एकदा चहा पिता पिता तो म्हणाला की हल्ली आजारी माणसाला बघायला कुणी येत नाही. पूर्वी उशीर होईल या भीतीने यायचे, आता उशीर होतच नाही. वहिनी समोरच बसल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला आणि आत निघून गेल्या. दादा जीभ चावून त्यांच्यामागे गेला. बराच वेळ आतून दोघांचं हळू बोलणं ऐकू येत होतं.

सलील हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो कॅल्गरीला असतो. तिथे त्याचं घर, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी, ईशा. मुलगा चांगला आहे हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही त्याला लगेच नालायक ठरवाल. तो रोज फोन करायचा, आणि औषधांची नावं माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ होती. दादाचं यकृत बिघडलं ते हिवाळ्यात, आणि होळीच्या सुमारास डॉक्टरांनी हात टेकले. वहिनींनी फोनवर सांगितलं, ये. सलील म्हणाला, मेअखेरीला काम संपतंय, मग चांगला महिनाभर राहायलाच येतो. दादाही म्हणाला, येऊ दे त्याला सवडीने. पण दारात गाडी थांबली की तो उशीवरून मान उचलायचा. हे मी पाहिलं आहे आणि वहिनींनीही पाहिलं आहे.

मे अर्धा सरला आणि दादा गेला. सकाळी त्याने चहा मागितला आणि चहा येईपर्यंत तो नव्हता.

"कोण यायचं राहिलं?" हे मलाच विचारावं लागलं, कारण घरात आता जाणता मीच उरलो होतो. वहिनी म्हणाल्या, सलील. कंपनीची माणसं तासाभरात पेटी घेऊन आली. वहिनींना ओळखून त्यांनी वाकून नमस्कार केला. दादा बैठकीच्या खोलीत थांब्यावर गेला.

आमच्याकडे घरात मयत असेपर्यंत चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-पोळी आणून देतात. पहिल्या दिवशी इतके डबे आले की ठेवायला जागा नव्हती. आठवड्याने ते निम्मे झाले. पुढे एकट्या उमरेडकर काकू तेवढ्या यायच्या, आणि एक दिवस त्याही दारात घुटमळल्या. त्यांच्याकडे लग्नाचे पाहुणे यायचे होते, त्यामुळे उद्यापासून जमेल असं वाटत नव्हतं. त्यांची काय चूक? पिठलं पोचवणं हा एका दिवसाचा धर्म आहे, तो महिनाभर कोण पाळणार? शेवटी मी खानावळीचा डबा लावला. खानावळवाल्याने विचारलं, महिन्याचाच लावू का? मी त्याच्यावर ओरडलो आणि मग महिन्याचाच लावला.

तिकडे सलीलचं काम मेअखेरीला संपलं नाही. मग ईशाच्या परीक्षा निघाल्या. प्रत्येक कारण खरं होतं, हीच पंचाईत होती. खोटं असतं तर भांडता तरी आलं असतं.

भेटायला येणारे दारातूनच परत जायचे. "झालं की कळवा, येतो," म्हणायचे. झालं की म्हणजे काय? माणूस तर गेला होता. वहिनी रडत नव्हत्या. सकाळी उठून पेटीपाशी खुर्ची घेऊन बसायच्या, चाकाचा आवाज ऐकायच्या, तापमान बघायच्या. एकदा माझा तोल गेला. हा तुमचा प्रयोग नाही, माझा भाऊ आहे, असं मी त्यांना बोललो.

"मला कळतं भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण त्याच्याशिवाय नेलं तर सलील मला जन्मात माफ करणार नाही. एकच मुलगा आहे. आणि असं ठेवलं तर..." त्या पेटीकडे बघत राहिल्या. "रडायला बसले की वाटतं, अजून तो यायचा आहे. आत्ताच रडून घेतलं तर तो आल्यावर काय करू?"

मलाही रडू येत नव्हतं. भाऊ घरातच होता, बैठकीत, पंख्याखाली. त्याला जाऊन इतके दिवस झाले तरी माझं दुःख सुरूच झालं नव्हतं, आणि त्या गोष्टीचा मला दादाच्या जाण्यापेक्षाही जास्त त्रास होत होता.

जून अर्धा होत आला. एका संध्याकाळी सलील फोनवर म्हणाला, आई, मला बाबांना बघायचंय. वहिनींनी झाकण उघडलं आणि मी फोन धरला. दादाच्या पापण्यांवर बारीक पांढरं दव होतं, बाकी तो अगदी होता तसा होता. सलील रडला. अगदी मनापासून रडला. मला त्याची दया आली. मग त्याने तोंड पुसलं आणि त्याचा आवाज हलका झाला.

"बाबा तसेच आहेत गं आई. झोपल्यासारखे."

वहिनींचा हात अजून झाकणावरच होता.

"मग मी असं करतो, महिनाअखेरीला ईशाची शाळा सुटली की तिलाही घेऊनच येतो. तिलाही आजोबा बघता येतील. तशी घाई काय आहे? तूच म्हणाली होतीस ना, मर्यादा नाही."

"आढळली नाही," वहिनी म्हणाल्या.

"काय?"

"मर्यादा आढळली नाही, असं म्हटलं होतं मी."

"तेच गं," सलील म्हणाला. तिकडे सकाळ होती, त्याला मुलीला शाळेत सोडायला जायचं होतं, त्याने फोन ठेवला.

वहिनींनी झाकण लावलं नाही. पदराने त्यांनी दादाच्या पापण्यांवरचं दव टिपलं. तो दव टिपलेला पदर त्या बराच वेळ मुठीत धरून उभ्या होत्या. खोलीतला उकाडा आत शिरत होता, आणि आयुष्यभर तापमानाच्या एका अंशासाठी विद्यार्थ्यांना रडवणाऱ्या बाईने त्याची पर्वा केली नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मर्यादा आढळली."

त्यांनी लगेच सलीलला उलट फोन लावला आणि उद्या सकाळी बाबांना नेतो आहोत एवढंच सांगितलं. तो आधी समजावत होता, मग चिडला. तुझंच यंत्र आहे आणि तुला माझ्यासाठी पंधरा दिवस थांबता येत नाही, असं म्हणाला. वहिनी ऐकून घेत होत्या. मग त्याने फोन माझ्याकडे द्यायला लावला आणि म्हणाला, काका, तुम्ही तरी तिला थांबवा. लहानपणी सायकलवरून पडला की तो याच आवाजात मला हाक मारायचा. मी म्हटलं, बाळा, मी वहिनींच्या शब्दाबाहेर नाही. त्याने फोन बंद केला. त्यानंतर वहिनींनी दोनदा लावला, तर तो लागला नाही.

सकाळी वहिनींनी स्वतःच्या हाताने चाक थांबवलं. दादाला उचलताना त्याचा खांदा माझ्या हाताला इतका गार लागला की मी दचकलो, आणि बाहेर अंगणात उन्हाचा भपका. गल्लीतले सगळे आले. उमरेडकर काकूही लग्नघर सोडून आल्या आणि मोठ्याने रडल्या. खूप दिवसांनी आमच्या घरात कुणीतरी मोठ्याने रडत होतं.

घाटावर अग्नी मी दिला. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या. चिता पेटल्यावर मला राहवलं नाही. मी विचारलं, वहिनी, हे असं होणार हे आधी कळलं असतं तर तुम्ही हे काम केलं असतं का?

"केलं असतं," त्या म्हणाल्या. "लसी टिकल्या, पोरं वाचली, ते काय खोटं आहे? पण भाऊजी, मी जन्मभर त्या धातूतला उशीर काढत बसले. तो काढला, पण गेला कुठे, हे पाहिलंच नाही. आमच्या शास्त्रात असं चालत नाही. एका ठिकाणाहून गेलं की ते दुसरीकडे कुठे निघालं ते शोधावं लागतं." त्यांनी धुराकडे बघत डोळे बारीक केले. "माझ्याच घरात निघालं."

मी त्यांचा हात धरला. दीर म्हणून इतक्या वर्षांत मी त्यांचा हात कधी धरला नव्हता. परतताना गाडीत त्यांनी तीन-चार वेळा फोन काढून पाहिला. सलीलचा फोन नव्हता, निरोपही नव्हता. मुलगा गेला हातचा, असं त्या एकदाच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही अस्थी वेचून आणल्या. फाटकाशी आलो तर पायरीवर एक माणूस गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. शेजारी एक लहान बॅग होती, आणि पायांत घरात घालायच्या सपाता. फोन बंद केला त्याच तासाला तो निघाला होता. रजा नाही, सामान नाही, ईशाला धड सांगितलंही नाही. मिळेल त्या विमानाने, तीन ठिकाणी बदलून, जागाच आला होता. आमच्या पावलांच्या आवाजाने त्याने वर पाहिलं. त्याला आधी आई दिसली, मग माझ्या हातातलं लाल फडकं बांधलेलं मडकं दिसलं.

तो उठला नाही. बसल्या जागेवरूनच त्याने दोन्ही हात पुढे केले. मी मडकं त्याच्या हातांत दिलं. त्याने ते छातीशी धरलं, लहान मूल धरतात तसं, मानेला आधार देऊन.

"एक दिवस थांबता आलं नाही का गं तुला?" तो म्हणाला. "मी येतच होतो आई. एक दिवस."

वहिनी त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या. त्यांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. त्यांच्या आवाजात राग असा मुळीच नव्हता.

"एक दिवस थांबले असते," त्या म्हणाल्या, "तर तू आला नसतास, बाळा."

सलीलने मडक्यावर कपाळ टेकलं. वहिनींनी त्याला जवळ ओढलं आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा त्या रडल्या. गल्लीभर ऐकू जाईल असं रडल्या. ऊन पायरीवर आलं होतं, फरशी पोळायला लागली होती. मी त्यांना आत चला म्हटलं नाही. मीही तिथेच फाटकाला धरून माझ्या भावासाठी रडलो.